रिकामटेकडे पण काटेकोर: गीक मंडळींचे उद्योग

अर्धविराम (धागाकर्ता):

गीक कोणाला म्हणायचं याच्या व्याख्या आजवर बऱ्याच झाल्या. जाड भिंगाचा चष्मा, चुरगळलेला टी-शर्ट, माणसांपेक्षा यंत्रांशी जास्त गट्टी वगैरे. या सगळ्या बाहेरून बघणाऱ्यांनी केलेल्या. माझी कसोटी वेगळी आहे. जी गोष्ट केली नाही तर कुणाचं काही अडणार नाही, ती जो माणूस नियम पाळून, मोजमापं घेऊन, वर नोंदी ठेवून चोख पार पाडतो तो गीक. मग तो संगणकवाला असो, रुबिकचा ठोकळा फिरवणारा असो की रेल्वेची वेळापत्रकं तोंडपाठ असणारा. हुशारीशी याचा फारसा संबंध नाही. हुशार माणसं असल्या भानगडीत पडत नाहीत.

माझं आवडतं उदाहरण देतो. केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत ट्रोजन रूम नावाच्या खोलीबाहेर कॉफीचं भांडं असायचं. दुसऱ्या मजल्यांवरची मंडळी जिने चढून-उतरून यायची आणि भांडं रिकामं सापडायचं. तुम्ही-आम्ही काय केलं असतं? चरफडलो असतो, नाहीतर स्वतः कॉफी केली असती. यांनी १९९१ साली भांड्यावर कॅमेरा रोखला, चित्र पकडायचा प्रोग्रॅम लिहिला, ते चित्र प्रत्येकाच्या पडद्यावर दाखवायचा दुसरा प्रोग्रॅम लिहिला. चित्र १२८ बाय १२८ ठिपक्यांचं, करडं, मिनिटाला तीनदा बदलणारं. भांडं कुठे क्षणाक्षणाला भरतं, मग तेवढं पुरे, असा विचार त्यामागे. १९९३ मध्ये ते वेबवर आलं आणि ज्यांना त्यातला एक थेंबही मिळणार नव्हता असे लोक जगभरातून भांडं बघत बसू लागले. २२ ऑगस्ट २००१ ला कॅमेरा बंद झाला. नंतर ते भांडं लिलावात ३,३५० पौंडांना गेलं. घेणारे एका जर्मन साप्ताहिकाच्या संकेतस्थळाचे लोक.

तर असे किस्से येऊ द्या. घरातले, ऑफिसातले, ऐकीव, कुठलेही. नियम एकच: 'याचा उपयोग काय?' हा प्रश्न विचारायचा नाही.

ओळ_क्र_४०:

याचा उपयोग काय? :)

(जागा धरून ठेवतोय. सावकाश लिहितो.)

चष्मिस चिमणी:

माझ्याकडून कबुतरं.

इंटरनेट कसं चालावं याचे नियम ज्या कागदपत्रांत लिहिलेले असतात त्यांना आरएफसी म्हणतात. १ एप्रिल १९९० ला आरएफसी ११४९ निघाला. विषय: पक्ष्यांमार्फत इंटरनेटची पॅकेटं, म्हणजे माहितीचे छोटे तुकडे, पाठवण्याची पद्धत. तारीख बघून कळलंच असेल. पण भाषा इतकी सरकारी की वाचताना चेहरा सरळ ठेवणं कठीण. पॅकेट सोळाच्या पायातल्या अंकांत कागदाच्या छोट्या गुंडाळीवर छापावं, पक्ष्याच्या एका पायाला गुंडाळावं, कडा चिकटपट्टीने पक्क्या कराव्यात, पलीकडे पोचल्यावर पट्टी काढून कागद स्कॅन करावा. १९९९ मध्ये याला पुरवणी जोडली गेली. तिच्यात सेवेच्या दर्जाची सोय, म्हणजे विमानासारखे वर्ग. २०११ मध्ये आयपीव्ही६ या इंटरनेटच्या नव्या पत्तापद्धतीसाठी आणखी एक.

इथपर्यंत विनोदच. पण नॉर्वेतल्या बर्गनच्या, लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम वापरणाऱ्यांच्या मंडळाने २८ एप्रिल २००१ ला हे खरोखर करून पाहिलं. ९ पॅकेटं सोडली, ४ उत्तरं परत आली. सगळ्यात चपळ उत्तराला साधारण ५३ मिनिटं लागली, सगळ्यात रेंगाळलेल्याला पावणेदोन तास. आणि शेवटी पलीकडचं यंत्र उत्तर देतं का ते बघणाऱ्या पिंग या आज्ञेने नेहमीच्या थंडपणे हिशोब छापला: गळती ५५ टक्के. मध्ये पंख आहेत हे बिचाऱ्या पिंगला कुठून कळणार?

अवांतर: २००९ मध्ये दक्षिण आफ्रिकेत एका कंपनीने विन्स्टन नावाच्या कबुतराच्या पायाला ४ जीबीचं मेमरी कार्ड बांधून त्याची ब्रॉडबँडशी शर्यत लावली. कबुतर पोचून कार्डावरची माहिती उतरवून होईपर्यंत ब्रॉडबँडवरून ४ टक्के माहिती गेली होती.

बिनबुडाचा बूट:

हसून हसून पुरेवाट! ५५ टक्के गळतीत काय मोठंसं, आमच्या ऑफिसात मीटिंग सुरू झाली की वायफाय याहून जास्त गाळतं. आणि तिथे पिसंही पडत नाहीत पुरावा म्हणून.

जुना मोडेम:

कबुतरांवरून अंतराचा विषय निघालाच आहे, तर ५०० मैलांची ईमेल सांगतो. जुन्या सिस्टिम ॲडमिन लोकांत हा किस्सा एकमेकांना सांगायची रीत आहे. ट्रे हॅरिस या गृहस्थांनी तो २००२ मध्ये लिहिला, घटना त्याआधी काही वर्षांची.

हॅरिस तेव्हा अमेरिकेतल्या एका विद्यापीठाची ईमेल व्यवस्था बघत. एक दिवस संख्याशास्त्र विभागाच्या प्रमुखांचा फोन. म्हणाले, आमच्या विभागातून ५०० मैलांपलीकडे ईमेल जात नाही. हॅरिस म्हणाले, अहो, ईमेल असं चालत नाही. प्रमुख म्हणाले, खरं तर ५०० पेक्षा थोडं जास्त, ५२० धरा. फोन आधी का नाही केला, तर म्हणे पुरेशी आकडेवारी गोळा व्हायची होती. संख्याशास्त्र विभाग तो! त्यांनी एका भू-सांख्यिकीवाल्या बाईंना कामाला लावून नकाशा तयार केला होता: ईमेल कुठवर जाते आणि कुठे जात नाही.

आता असल्या तक्रारीवर कोणीही फोन ठेवून दिला असता. हॅरिसनी तपासून बघितलं. जवळच्या गावी ईमेल गेली. दूरच्या गावी गेली नाही. मग एक मित्र आठवला, राहायला जवळ पण त्याचा सर्व्हर देशाच्या दुसऱ्या टोकाला. त्याला गेली नाही. म्हणजे माणूस कुठे आहे याला महत्त्व नाही, यंत्र कुठे आहे याला आहे. इथे हॅरिसच्या पायाखालची जमीन सरकली, कारण प्रमुखांचं म्हणणं शब्दशः खरं निघालं.

कारण असं. कुणी सल्लागार येऊन सर्व्हरची सिस्टिम अद्ययावत करून गेला होता. त्या भरात सेंडमेल हा टपाल पाठवणारा प्रोग्रॅम मात्र जुन्या आवृत्तीवर गेला. सेटिंगची फाईल राहिली नव्या आवृत्तीची. जुन्या सेंडमेलला त्यातल्या बऱ्याच ओळी कळेनात, त्या त्याने कचरा म्हणून सोडून दिल्या, आणि पलीकडच्या सर्व्हरची किती वेळ वाट बघायची हा आकडा झाला शून्य. शून्य म्हणजे प्रत्यक्षात त्या यंत्रावर ३ मिलिसेकंदांहून किंचित जास्त. विद्यापीठाच्या जाळ्यात तेव्हा मध्ये फार राउटर नव्हते, त्यामुळे उशीर व्हायचा तो बहुतेक अंतरामुळेच. हॅरिसनी युनिट्स हा आकडेमोडीचा प्रोग्रॅम उघडला आणि विचारलं, ३ मिलिसेकंदांत प्रकाश किती मैल जातो? उत्तर आलं ५५८ आणि वर काही.

मला यातले विभागप्रमुख हॅरिसइतकेच आवडतात. ईमेल जात नाही म्हटल्यावर बाकीच्यांनी 'चालत नाहीये' एवढंच सांगितलं असतं. त्या माणसाने त्रिज्या सांगितली.

शून्यापासून:

किस्सा उत्तम, पण गणितात घोळ आहे. ५५८ मैल म्हणजे साधारण ९०० किलोमीटर, हे निर्वात पोकळीतल्या प्रकाशाचं अंतर झालं. काचतंतूत प्रकाश त्याच्या दोन तृतीयांश वेगानेच जातो. शिवाय जोडणी झाली हे कळायला निरोप जाऊन परत यायला हवा, म्हणजे अंतर पुन्हा निम्मं. ३०० किलोमीटर फार तर.

जुना मोडेम:

वाटच बघत होतो. किस्सा छापल्यावर हॅरिसना याच शंकेची इतकी पत्रं आली की त्यांनी वेगळं प्रश्नोत्तरांचं पान लिहिलं. त्यांनी सरळ सांगितलंय की काही तपशील आता आठवत नाहीत, काही सांगण्याच्या ओघात गुळगुळीत केलेत. तुमच्यासारख्यांसाठीच ते पान आहे. धागाकर्त्याची व्याख्या सिद्ध केल्याबद्दल आभार.

सुटी वायर:

यंत्रांच्या बाजूने कोणी बोलत नाही म्हणून मी.

मेकॅनिकल कीबोर्ड. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: यात प्रत्येक कळीखाली स्वतंत्र स्विच असतो, स्प्रिंगसकट. निळा स्विच टकटक वाजतो, तपकिरी बोटाला हलकासा अडखळा देतो पण बोलत नाही, लाल सरळ खाली जातो. एवढ्यावर माणूस थांबला तर ठीक. थांबत नाही. मग कीबोर्ड उघडायचा, एकेक स्विच चिमट्याने काढायचा, त्याची चार अंगं सुटी करायची, आतल्या दांडीच्या कडांना बारीक ब्रशने वंगण लावायचं. पायांना लावायचं नाही हं, अडखळा मरतो. मग सगळं पुन्हा बसवायचं. साध्या कीबोर्डलाही ८० च्या वर कळा असतात, हिशोब करा. आणि हे सगळं झाल्यावर आवाजाचा व्हिडिओ काढून समानधर्मी लोकांना पाठवायचा. ते ऐकून म्हणतात, स्पेसबार जरा पोकळ वाटतोय.

आयबीएमचा १९८५ चा मॉडेल एम हा कीबोर्ड आजही वापरणारे आहेत. त्याच्या कळीखालची स्प्रिंग वाकून आपटते, तो आवाज शेजारच्या खोलीत ऐकू येतो. वापरणाऱ्यांच्या मते तो गुण आहे.

केबलींच्या खोक्याबद्दल बोलायचं का? २५ पिनांची प्रिंटरची केबल, जिचा प्रिंटर कधीच भंगारात गेला. कशाचा आहे ते कुणालाच ठाऊक नाही असा ९ व्होल्टचा ॲडॉप्टर, त्यातही मधली पिन ऋण. असला उलट्या ध्रुवाचा ॲडॉप्टर पुन्हा मिळायचा नाही म्हणून टाकवत नाही. लागेल कधीतरी.

मी फक्त वाचते:

या सदस्यनामाला जागून आजवर गप्प होते, पण केबलींचं खोकं वाचल्यावर राहवेना. मी गीक नाही. माझं एकाशी लग्न झालंय.

आमच्या घरात दिव्यांना बटणं आहेत, पण ती दाबायची नाहीत. दाबली की दिवा 'जाळ्यातून बाहेर जातो' आणि मग ह्यांना लॅपटॉप घेऊन त्याची समजूत काढावी लागते. दिवा लावायचा तर त्याला नाव घेऊन हाक मारायची. नाव 'बैठकीतला' वगैरे नाही, ग्रहांची नावं ठेवलीत. सासूबाई अंधारात उभ्या राहून 'शनी, लाग' म्हणतात, तेव्हा बघणाऱ्याला वेगळंच काही वाटेल. मध्यंतरी रात्री घरातले सगळे दिवे गेले. शेजारी बघितलं, तिथे लख्ख. मग कळलं की ह्यांचा छोटा सर्व्हर अपडेट होत होता. 'दोन मिनिटं थांब, रीबूट होतोय' हे वाक्य मी लग्नाआधी घराच्या बाबतीत ऐकलं नव्हतं.

लेबलं छापायचं एक यंत्र आहे. त्याने घरातल्या सगळ्या प्लगांना, डब्यांना, कप्प्यांना नावं मिळाली. यंत्रावरही लेबल आहे: 'लेबल यंत्र'. फ्रिजच्या दाराला सेन्सर बसवलाय आणि दार कधी, किती वेळ उघडं होतं याचा आलेख भिंतीवरच्या टॅबलेटवर दिसतो. रात्री बारा वाजता त्या आलेखात एक टेकाड येतं. ते कोणाचं हे आम्हा सगळ्यांना माहीत आहे आणि आलेखाच्या निर्मात्यालाही. त्यावर चर्चा होत नाही.

धागाकर्त्यांचा 'उपयोग विचारायचा नाही' हा नियम मी घरात फार काळ पाळत आलेय. इथे तरी विचारू द्या.

सुटी वायर:

फ्रिजच्या दाराला कोणता सेन्सर लावलाय? चुंबकीय, की उजेडावर चालणारा?

मी फक्त वाचते:

नमस्कार घ्या माझा. चुंबकीय आहे.

शून्यापासून:

ताई, दिव्यांसाठी भिंतीवरच्या बटणामागे बसणारा रिले, म्हणजे विजेने चालणारा छोटा स्विच, मिळतो. मग बटणही चालतं आणि हाकही. सर्व्हर पडला तरी दिवा लागतो. तुमच्या ह्यांना नक्की माहीत असणार. त्यांनी तो का लावला नाही हे मात्र विचारा, उत्तर रंजक असेल.

आता माझा किस्सा, वायफायच्या नावाचा. शेजारचे कोणी ना कोणी पासवर्ड मागत राहतात, म्हणून मित्राला जाळ्याचं नावच 'स्वतःचं घ्या' असं मराठीत ठेवायचं होतं. राउटर घेईना. त्याला वाटलं देवनागरीचं वावडं आहे. तसं नव्हतं. वायफायच्या नावाला जास्तीत जास्त ३२ बाइट (संगणकातल्या साठवणीचं माप) मिळतात. रोमन अक्षराला एक बाइट पुरतो, पण यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन लागतात. चिन्ह म्हणजे नुसतं अक्षर नव्हे बरं का: पाय मोडायचं हलन्त वेगळं, काना वेगळा, विसर्ग वेगळा, अनुस्वार वेगळा. आता मोजा. 'स्वतःचं' मध्ये स, हलन्त, व, त, विसर्ग, च, अनुस्वार: सात. 'घ्या' मध्ये घ, हलन्त, य, काना: चार. अकरा त्रिक तेहतीस, मधल्या मोकळ्या जागेचा एक, एकूण ३४. दोन बाइट जास्त.

मित्र म्हणाला, मग अनुस्वार उडवू, कोण बघतंय. तीन बाइट वाचले, ३१ झाले, राउटरने नाव आनंदाने घेतलं. आणि इमारतभर फोनांवर झळकू लागलं: 'स्वतःच घ्या'.

बिनबुडाचा बूट:

आणि लोकांनी घेतलं? =))

शून्यापासून:

पासवर्ड होता हो. पण दारावर टकटक वाढली. नाव बघून लोकांना वाटलं, माणूस दिलदार दिसतोय.

अर्धविराम:

ताई, तुमच्यासाठी नियम शिथिल.

शून्यापासून, दंडवत. मराठीत गीक असण्याचं हे एक जादा सुख आहे. 'दुसऱ्या' मधला अर्धा र घ्या. तो दोन तऱ्हांनी टंकता येतो. एकात त्यासाठी ऱ हे खाली टिंब (नुक्ता) असलेलं वेगळं अक्षर, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही डिट्टो सारखे. पण शोधखिडकीत एक टाकलं तर बहुधा दुसरं सापडत नाही. लेख समोर दिसतोय आणि संगणक सांगतोय की असा शब्द यात नाही. माझ्याकडे सगळे अर्धे र एका जातीचे करणारी चार ओळींची स्क्रिप्ट आहे. आजतागायत कुणी मागितलेली नाही, तरी तिच्या चाचण्या लिहून ठेवल्यात.

ओळ_क्र_४०:

आलो. धरलेली जागा वापरतो. मला त्या विनोदांवर लिहायचंय जे प्रोग्रॅमच्या आत पुरून ठेवलेले असतात.

युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर फाईलींची यादी बघायची आज्ञा एलएस. घाईत बोटं उलटी पडून एसएल टंकलं जातं. जपानमधल्या एका प्रोग्रॅमरने १९९३ मध्ये एसएल नावाचा प्रोग्रॅम लिहिला. तो बसवलेला असेल तर चुकून एसएल म्हटल्यावर पडद्यावर अक्षरांनी काढलेलं वाफेचं इंजिन उजवीकडून डावीकडे धडधडत जातं. आणि एरवी चालू प्रोग्रॅम थांबवणारं कंट्रोल-सी दाबूनही ते थांबत नाही, मुद्दाम तसं केलंय. गाडी जाईपर्यंत फाटकात थांबायचं.

डेबियन या लिनक्सच्या एका प्रकारात सॉफ्टवेअर बसवणाऱ्या ॲप्ट-गेटला 'मू' म्हणा, अक्षरांची गाय येऊन विचारते, आज हंबरलात का? पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत ओळींचे गट करायला महिरपी कंस चालत नाहीत, ओळी आत सरकवून काम भागवावं लागतं. त्याला 'भविष्यातून कंस आण' असं त्याच्या भाषेत सांगून बघा, चूक झाल्याच्या ठरीव संदेशाच्या जागी 'शक्यच नाही' असं तोंडावर उत्तर मिळतं. ईमॅक्स या संपादकात (मजकूर आणि प्रोग्रॅम लिहायच्या सॉफ्टवेअरात) तर मानसोपचारतज्ज्ञ बसलेला आहे, १९६६ च्या एलायझा या प्रोग्रॅमचा वंशज. तुम्ही काहीही सांगा, तो त्याचाच प्रश्न करून परत देतो. ईमॅक्स वापरणाऱ्यांना त्याची गरज का पडावी यावर व्हिम हा दुसरा संपादक वापरणाऱ्यांकडे बरीच मतं आहेत. (व्हिमवाल्यांनी फार हसू नये. 'व्हिममधून बाहेर कसं पडायचं' हा स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रॅमरांच्या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळावरचा प्रश्न २०१७ पर्यंत १० लाख वेळा बघितला गेला होता.)

पण या जातीतला सर्वोत्तम किस्सा 'मॅन' या आज्ञेचा. मॅन म्हणजे मदतपुस्तिका. २०१७ मध्ये एका माणसाच्या स्वयंचलित चाचण्या अधूनमधून नापास व्हायला लागल्या. शोधलं तर रात्री साडेबाराला मॅनला एका विशिष्ट तऱ्हेने हाक मारली की तो 'गिमी गिमी गिमी' (द्या, द्या, द्या) असं छापत होता. बिघाड नव्हता. 'मध्यरात्रीनंतर मला एक माणूस द्या' अशा अर्थाचं एक गाजलेलं पॉप गाणं आहे. त्यावरची कोटी म्हणून देखभाल करणाऱ्याने काही वर्षांपूर्वी हा तुकडा घुसडला होता, वेळेच्या तपासणीसकट. इतकी वर्षं कुणाच्या ध्यानात आलं नाही, कारण साडेबाराच्या ठोक्याला नेमकं तेवढंच करणारं कुणी नव्हतं. तक्रार आल्यावर त्याने दिलगिरी व्यक्त करून ते काढलं. मला वाईट वाटलं.

बिनबुडाचा बूट:

पायथनचा विषय निघालाच आहे तर विचारतो: ओळी आत सरकवायला टॅब की स्पेस?

अर्धविराम:

नको. नको. नको. हलकाफुलका धागा आहे.

सुटी वायर:

टॅब. चर्चा संपली.

शून्यापासून:

स्टॅक ओव्हरफ्लोच्या २०१७ च्या पाहणीत स्पेसवाल्यांचा पगार टॅबवाल्यांपेक्षा ८.६ टक्क्यांनी जास्त निघाला होता, अनुभव वगैरे गोष्टी हिशोबात धरूनसुद्धा. यावरून स्पेस दाबल्याने पगार वाढतो असं सिद्ध होत नाही, हे मीच सांगून टाकतो, म्हणजे जुना मोडेम यांचे कष्ट वाचतील.

जुना मोडेम:

वाचले. पण टॅबचा एक इतिहास ऐका. 'मेक' हे सुट्या फाईलींतून प्रोग्रॅम बांधून देणारं साधन १९७६ मध्ये बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी लिहिलं. त्याच्या फाईलीत आज्ञेची ओळ टॅबनेच सुरू व्हावी लागते. टॅबच्या जागी स्पेस पडल्या तर चालत नाही, आणि डोळ्यांना फरक दिसत नाही. ही पद्धत बरी नव्हे हे त्यांच्या लवकरच लक्षात आलं होतं. पण तोवर डझनभर लोक मेक वापरायला लागले होते, त्यांची मोडतोड नको म्हणून त्यांनी ती तशीच ठेवली. त्या डझनभरांच्या सोयीपायी पुढच्या सगळ्या पिढ्या टॅब शोधत बसल्या आहेत.

चष्मिस चिमणी:

मजा येतेय, पण एक खडा टाकू का?

हे सगळे किस्से मला आता माहीत आहेत म्हणून गोड वाटतात. कॉलेजात पहिल्या वर्षी मात्र यांचाच धाक वाटायचा. कुणीतरी कोटी करायचं, चार मुलं हसायची, आणि 'काय?' असं विचारलं की 'हे माहीत नाही?' असा चेहरा व्हायचा. विनोदाचा पासवर्ड झालेला असायचा. अमुक खेळ खेळली नाहीस, तमुक संपादक वापरत नाहीस, मग कसली तू गीक! मुलींच्या वाट्याला तर ही तोंडी परीक्षा जरा जास्तच येते. रिकामटेकड्या काटेकोरपणाचं मला कौतुकच आहे, पण तो काटेकोरपणा दारात उभा राहून तिकिटं तपासायला लागला की वैताग येतो.

जुना मोडेम:

खडा योग्य जागी पडलाय. आमच्या पिढीने हे भरपूर केलंय आणि वर त्याला दर्जा राखणं म्हटलंय. ज्याला कोटी कळली नाही त्याला ती समजावून सांगताना कोटी मरते, हे खरं. पण मरू द्यावी. आपल्याकडे पुष्कळ आहेत.

सुटी वायर:

सहमत. बादवे चिमणी, कोणता कीबोर्ड वापरता?

चष्मिस चिमणी:

लॅपटॉपला आला तो.

सुटी वायर:

ठीक आहे. मी काही बोललो नाही.

ओळ_क्र_४०:

वातावरण हलकं करायला मेजवानीचं निमित्त देतो. युनिक्स यंत्रं वेळ मोजतात ती १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत. १३ फेब्रुवारी २००९ ला, जागतिक प्रमाणवेळेनुसार रात्री ११ वाजून ३१ मिनिटं ३० सेकंदांनी हा आकडा १२३४५६७८९० झाला, आणि जगात अनेक ठिकाणी लोकांनी एकत्र जमून पडद्यावरच्या आकड्याकडे बघत उलटमोजणी केली. एक सेकंद जल्लोष, मग ...९१.

मी फक्त वाचते:

म्हणजे नवीन वर्षासारखंच, फक्त फटाक्यांऐवजी आकडे?

ओळ_क्र_४०:

अगदी तसंच. नवीन वर्ष दर वर्षी येतं, हा आकडा पुन्हा येणार नाही, एवढाच फरक.

बिनबुडाचा बूट:

पुढचं कधी आहे? १९ जानेवारी २०३८ सोडून सांगा. त्या दिवशी ३२ बिटांची घड्याळं भरून उलटी पडणार, तेव्हा मी कामावर असेन आणि माझा मूड चांगला नसेल.

शून्यापासून:

त्याआधी दोन अब्ज आहे. १८ मे २०३३, जागतिक प्रमाणवेळ पहाटे ३ वाजून ३३ मिनिटं २० सेकंद. वेळही देखणी आहे, तीन वेळा तीन. वार बुधवार. मी रजेचा अर्ज भरून पाहिला, आमच्या कंपनीची प्रणाली इतक्या पुढची तारीख घेत नाही.